बर्फातला खून आणि एकतिसावी किटली

बर्फात अडकलेल्या आठ माणसांचा आणि त्यांच्यात झालेल्या एका खुनाचा सिनेमा मी आयुष्यात दोनदा पाहिला. पहिल्यांदा आमच्या गावच्या दूध संस्थेच्या शेडमध्ये, वर पत्रा तापून तडतडत असताना. दुसऱ्यांदा परवा, भाचीच्या मोबाइलवर. मधे तीसेक वर्षं गेली. एवढ्या काळात त्या सिनेमाचा मी जितका विचार केला तितका तो काढणाऱ्यानंही केला नसेल. माझे यजमान म्हणायचे, "मेला तो तिकडचा, आणि सुतक धरलंय हिनं."

माझा स्वभावच तसा आहे. कुणाची चूक सापडली की मला ती सोडवत नाही. लग्नाच्या पत्रिकेत तिथी चुकलेली दिसली तर अक्षता टाकतानाही मी तिचाच विचार करत असते. हा गुण म्हणायचा की खोड, हा प्रश्न मला पहिल्यांदा त्या सिनेमानं पडला. म्हणून त्याची गोष्ट सांगायची तर दुधापासून सांगावी लागेल.

आमचं गाव चौसाळ्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला. सून म्हणून आले तेव्हा मी बारावी सायन्स झालेली होते, आणि सायन्स झालेली बाई म्हणजे गावात कंपाउंडरच्या खालोखाल मान. दूध संस्था निघाली तेव्हा चेअरमननी मला टेस्टर म्हणून नेमलं. औरंगाबादला बारा दिवसांचं प्रशिक्षण झालं आणि मी लॅक्टोमीटर घेऊन परत आले. लॅक्टोमीटर म्हणजे खाली गोळा असलेली काचेची नळी. दुधात सोडली की ती तरंगते. दूध दाट असेल तर वर राहते, पातळ असेल तर खोल जाते. तिच्यावर जो आकडा दिसतो त्याला आमच्याकडे डिग्री म्हणतात. डिग्री कमी लागली म्हणजे दुधात पाणी. इतकं सोपं होतं ते, म्हणजे मला तसं वाटायचं.

संस्थेचा नियम असा की अठ्ठावीसच्या खाली डिग्री लागली की वहीत त्या नंबरापुढे लाल खूण करायची. एका महिन्यात तीन खुणा झाल्या की सभासदत्व रद्द. लाल पेन्सिल माझ्याकडे असायची, आणि लपवायचं कशाला, मला ती आवडायची. नळी दुधात स्थिर होईपर्यंत मी कुणाशी बोलत नसे. रांगेतून कुणी काही सांगायला लागलं की वर न बघता उजवा हात उभा करायचा, तळवा पुढे, की समोरचा गप्प. ही सवय मला प्रशिक्षणातल्या सरांची लागली होती. गावातल्या बायका माघारी माझी नक्कल करायच्या, हेही मला माहीत होतं.

दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. माजलगावच्या धरणात म्हणे गाळाला पडलेल्या भेगांत पाय जात होता. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या उसाअभावी लवकर परत आल्या होत्या. गावाला पाणी टँकरनं यायचं, आधी गावात आणि दुपारी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. अशा दिवसांत आमच्या शेडमध्ये एकच गार जागा होती. भिंतीलगत सिमेंटचा लांबलचक हौद, त्यात वाळू. दूध न्यायला येणारा ट्रक रोज बर्फाच्या लाद्या टाकून जायचा, भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेल्या. त्या हौदाच्या कठड्यावर ठेवल्या की पाणी वाळूत झिरपायचं आणि त्या ओल्या वाळूत सभासद आपापल्या किटल्या टेकवायचे. दूध गेल्यावर उरलेलं बर्फाचं पाणी वासरांना पाजायला पाळीपाळीनं नेत. त्या पाळीवरून भांडणं झाली तेवढी सोसायटीच्या निवडणुकीतही झाली नाहीत.

सभासद एकतीस. तीस गावातले. एकतिसावी वस्तीवरची एक बाई होती, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, बौद्ध घरातली. वस्तीतून संस्थेत आलेली ती पहिलीच. नवरा रस्त्याच्या कामावर, घरी एक म्हैस. त्या सालात लोक जनावरं छावणीत सोडून येत होते, आणि हिनं म्हैस घरी जगवली होती. तिच्यामागून वस्तीतल्या आणखी चौघींनी सभासद व्हायला अर्ज दिले होते. ते सचिवांच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. सचिव म्हणायचे, "आधी हिचं दूध बघू, मग बाकीच्यांचं."

तिचा नंबर शेवटचा, म्हणून रांगेतही ती शेवटची. शेडमध्ये न येता बाहेरच्या पायरीशी किटली ठेवून उभी राहायची. नंबर शेवटचा होता हे खरं. पण बारा नंबरवाला पंधरा दिवस आजारी होता, तरी वाळूतली त्याची जागा रिकामीच राहायची आणि एकतिसावी किटली पायरीवरच. कुणी तिला आत येऊ नको असं म्हटलं नव्हतं. कुणी ये असंही म्हटलं नव्हतं. मला त्यात काही चुकीचं दिसलं नाही, पत्रिकेतली तिथी दिसत होती तरी.

मे महिन्यात तिच्यापुढे दोन लाल खुणा झाल्या. सकाळी डिग्री एकोणतीस, अगदी चोख. संध्याकाळचं दूध ती अधूनमधूनच आणायची, त्या महिन्यात दोनदा आणलं आणि दोन्ही वेळा सव्वीस. मी डोकं चालवलं. सकाळी चांगलं, संध्याकाळी पातळ, आणि टँकर वस्तीवर येतो दुपारी! म्हणजे दुपारी पाणी हाती आलं की संध्याकाळच्या दुधात जातं. सचिवांना हे सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "ताई, तुमी पोलिसात पायजे व्हत्या." मला ते फार गोड लागलं. घरी मात्र यजमानांनी जेवता जेवता विचारलं, "प्यायला पान्याचा थेंब न्हाई, आन् ती बाई दुधात कावून घालंल?" मी म्हटलं, डिग्री खोटं बोलत नाही. ते म्हणाले, "वाढ भाकरी."

तिसरी खूण झाली की बाईचं नाव जाणार, आणि तिच्या नावाबरोबर ड्रॉवरमधले चार अर्जही. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. पोरीबाळी तिला पाणीवाली म्हणायला लागल्या होत्या.

आणि अशात तो सिनेमा आला. तालुक्याचा विस्तार अधिकारी वासरांच्या जंतांवरची फिल्म दाखवायला दुपारी आमच्याकडे आला. व्हिडिओ त्याचा, टीव्ही चेअरमनच्या घरचा. खिडक्यांना गोणपाटं लावली. जंत वीस मिनिटांत संपले. पण बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत बर्फाच्या लाद्यांचा गारवा. कोण उठतंय? लोक म्हणाले, अजून काहीतरी लावा. अधिकाऱ्याच्या पिशवीत बीडहून स्वतःसाठी भाड्यानं आणलेली एक इंग्रजी कॅसेट होती. बिचाऱ्यानं मान हलवली, मग तीच लावली, आणि टीव्हीशेजारी उभं राहून मराठीत सांगायला लागला.

सिनेमात एक उंच डोंगर. वर एक लाकडी बंगलावजा हॉटेल. तिथं जायला फक्त दोरावर चालणारा पाळणा. बर्फाचं वादळ येतं, पाळणा बंद पडतो आणि वर आठ माणसं अडकतात. मालक, सहा पाहुणे आणि एक मोलकरीण पोरगी. सुरुवातीची दहा मिनिटं नुसता बर्फ पडत राहतो. आमच्या शेडमध्ये एवढी शांतता मी वार्षिक सभेतसुद्धा पाहिली नव्हती. मग पुढच्या रांगेतला एक म्हातारा बोलला, "चारी अंगानं पानीच पानी पडलंय, आन् हे अडकलो म्हनून रडत्यात!" सगळी शेड हसली. दुसऱ्यानं विचारलं, "सगळेच बिड्या ओढत्यात का वो? बाया सुदिक?" अधिकाऱ्यानं समजावलं की थंडीत तोंडातून वाफ येते. ते कुणाला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक आपल्या खोलीत मेलेला सापडतो. तोंडावर उशी दाबलेली. घराबाहेर बर्फात पावलाचा एक ठसा नाही, म्हणजे मारणारा आतलाच. हे आमच्या लोकांना इतकं आवडलं की दोघातिघांनी मान डोलावून "बराबर, बराबर" केलं. गेलेली शेळी कुणाच्या वावरातून गेली हे फुफाट्यातल्या खुरांवरून सांगणारी माणसं ती. त्या सिनेमाचं पहिलं बळ मी तिथंच मानलं. त्याला आपला पुरावा कसा दाखवायचा ते कळत होतं. उगाच गाणी नाहीत, हाणामारी नाही. बर्फानं दार लावून घेतलं की गोष्ट बाहेर भटकत नाही, हे दुसरं बळ. सात चेहरे, एक घर, एक प्रेत. आपण हळूहळू प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागतो.

पाहुण्यांमध्ये एक निवृत्त नर्स असते, पांढरे केस, करडा आवाज. ती शोध घ्यायचं मनावर घेते. प्रेताला हात लावते आणि सांगते की अंग पूर्ण गार झालंय, म्हणजे हा मरून बराच वेळ झाला, रात्रीच मेला. रात्री बाकीचे सगळे खालच्या दिवाणखान्यात पत्ते खेळत होते. वर गेली होती ती एकटी मोलकरीण, मालकाला गरम दूध द्यायला. दुधाचं नाव निघताच आमच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी पुटपुटलं, "दुदातच काय तरी कालवलं आसंल."

पुढं तास दीड तास चौकशी. नर्स प्रत्येकाला बोलावते. एका जोडप्याचं आपसातलं बोलणं आलं तेव्हा अधिकारी म्हणाला, "हे घरगुती आहे," आणि पाणी प्यायला. पण माझं बाकी कशात लक्ष नव्हतं. मला ती नर्स विलक्षण आवडली. काय तिचा ठामपणा! एका स्पर्शावरून तिनं वेळ सांगितली, वेळेवरून माणूस. मी मनात म्हणाले, ही खरी टेस्टर.

तेवढ्यात दारापाशी बसलेली ती वस्तीवरची बाई बोलली. मोठ्यानं नाही, शेजारणीला सांगावं तसं. "पर खिडकी उघडी हाय की त्या खोलीची. बर्फ पडलाय आत सतरंजीवर. उघड्या खिडकीपाशी गार पडनारच की मानूस. घटकाभरात पडंल. रातीच मेला कशावरून?"

शेडमधल्या माना तिच्याकडे वळल्या. कारण ते खरं होतं. खोलीत सगळे शिरले तेव्हा खिडकीचं एक दार हलत होतं, आणि खाली सतरंजीवर बर्फाचा ढीग. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं होतं. प्रेत लवकर गार झालं असेल तर मालक पहाटेही मेला असेल, आणि पहाटे सगळे आपापल्या खोल्यांत एकेकटे होते. मग उरलेल्या सातातला कुणीही मारणारा असू शकतो.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "मावशी, एवढा पैसा ओतून सिनेमा काढणाऱ्यांना कळलं नाही, आणि तुम्हाला कळलं का?" लोक हसले. मागून एक बाई म्हणाली, "गार न् पातळ हिलाच कळतंय." त्यावर जास्त हसले. शेवटी पाळणा सुरू होतो, खालून पोलीस येतात, नर्स सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा सांगते आणि मोलकरणीला धरून नेतात. काचेच्या पाळण्यातून ती पोरगी खाली जाताना दिसते आणि सिनेमा संपतो. लोक उठले, चपला शोधायला लागले. वस्तीवरची बाई जाता जाता एवढंच म्हणाली, "तिनं न्हाई मारलं."

मला तिचा राग आला होता. घरी जाऊन म्हशीला पाणी दाखवलं, चहा घेतला, तरी जात नव्हता. राग तिचा की माझा हे कळायला मला संध्याकाळ व्हावी लागली.

साडेपाचला दूध सुरू झालं. एक ते तीस झाले. सगळे ठीक. मग एकतीस. मी पायरीवरून आणलेल्या नमुन्यात नळी सोडली. सव्वीस. सगळी रांग घरी न जाता बघत उभी होती. सचिव वही उघडून बसले होते. मी लाल पेन्सिल उचलली, आणि का कोण जाणे, खूण करायच्या आधी उठून पायरीपाशी गेले आणि किटलीला हात लावला.

हात भाजला. खरंच भाजला, चुलीवरून उतरलेल्या भांड्यासारखा. ॲल्युमिनिअमची किटली तासभर मावळतीच्या उन्हात उभी होती, आणि त्याआधी ओढा ओलांडून वस्तीवरून उन्हातच चालत आली होती. मी आत येऊन तीस नंबरच्या किटलीला हात लावला. गार, बाहेरून दव सुटलेलं.

उघड्या खिडकीपाशी गार पडणारच की माणूस. आणि पायरीवर उन्हात दूध? प्रशिक्षणातल्या सरांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "आधी थर्मामीटर, मग लॅक्टोमीटर." तापलेलं दूध पातळ होतं, नळी त्यात खोल जाते, म्हणून आधी दूध किती तापलंय ते बघून डिग्री दुरुस्त करायची. आमचा थर्मामीटर पहिल्याच हिवाळ्यात सचिवांच्या हातून पडून फुटला होता. त्यांनी म्हटलं, आणू. मी म्हटलं, आणा. आणि आम्ही दोघंही विसरून गेलो. तीस किटल्या ओल्या वाळूत असल्यामुळे काही बिघडलं नव्हतं. एकतिसावीचं बिघडलं होतं.

मी खूण केली नाही. तिच्या दुधाचा नमुना बाटलीत घेतला, बाटली बर्फाच्या लादीला टेकवून ठेवली आणि सचिवांना म्हटलं थांबा. अर्ध्या तासानं नळी सोडली. एकोणतीस. परत सोडली. एकोणतीस. टँकरचं माझं सगळं गणित त्या बाटलीत बुडालं. मला शरम वाटली, आणि खरं सांगते, शरमेच्या आधी क्षणभर आनंद झाला, चूक सापडल्याचा. तसला आनंद काय कामाचा, पण तो झाला.

सचिव म्हणाले, "झालं तर मग. गुपचूप खोडून टाकू, कशाला गावगोंधळ." मला ते पटेना. खुणा चारचौघांत झाल्या होत्या, हसणं चारचौघांत झालं होतं. आणि खरं तर मला माझा पुरावा दाखवायचाही होता. तो नाद त्या नर्सकडूनच घेतलेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक नंबरची किटली आली, चेअरमनच्या घरची. वहिनी ती वाळूत टेकवणार तेवढ्यात मी ती उचलली आणि नेऊन पायरीवर ठेवली. वहिनी म्हणाल्या, "अगं, हे काय?" मी म्हटलं, "राहू द्या जरा वेळ." आणि एकतिसावी किटली उचलून आणून बाराव्या नंबरच्या रिकाम्या जागी वाळूत रोवली. शेडमध्ये कुजबुज झाली. दोन बायकांनी आपल्या किटल्या वीतभर सरकवल्या. सरकवोत. मी इतर सगळ्यांचं दूध आधी मोजलं आणि एक व एकतीस शेवटी ठेवले. तोवर चेअरमनही येऊन उभे राहिले होते.

चेअरमनच्या दुधात नळी सोडली. साडेसव्वीस. मी सचिवांना मोठ्यानं सांगितलं, "एक नंबर, साडेसव्वीस, लाल खूण." वहिनींचा चेहरा असा झाला की बघवेना. "आमी? आमी पानी घालतो?" चेअरमन म्हणाले, "ताई, डोकं ठिकानावर हाय का?" मी एकतीसमध्ये नळी सोडली. एकोणतीस. मग चेअरमनचा नमुना बाटलीत भरून बर्फाला लावला, आणि तो गार होईपर्यंत सगळ्यांना सरांचं वाक्य समजावून सांगितलं. थोडा वेळ लागला, पण कुणी घरी गेलं नाही. बाटली गार झाल्यावर तेच दूध, तीच नळी, एकोणतीस.

कालचा तो म्हातारा पहिल्यांदा हसला. "म्हंजी चेरमनच्या म्हशीनं नुसत्या उनानं पानी घातलं म्हना की!" मग सगळेच हसले. चेअरमन हुशार माणूस, तेही हसले, आणि त्याच आठवड्यात बीडहून दोन थर्मामीटर आले. एक वापरायला, एक फुटायला. लाल पेन्सिल खोडरबरानं पुसली जात नाही. म्हणून मी दोन्ही खुणांवर निळ्या शाईची रेघ मारली, शेजारी "तपासणीची चूक" असं लिहिलं आणि सही केली. चार अर्ज पुढच्या सभेत मंजूर झाले. हौदात जागा कमी पडायला लागली, तेव्हा हौद वाढवला.

त्यानंतर वर्षानुवर्षं मी लोकांना त्या सिनेमाची उणीव सांगत आले. बाकीच्या बारीकसारीक होत्याच. चार दिवस आठ माणसांना पुरतं एवढं जळण कुठून आलं? शेवटचा उलगडा इतका घाईत की धुतलेले कपडे पाऊस येताना दोरीवरून ओढावेत तसा. पण मुख्य ती, उघडी खिडकी. मी सांगायची, एवढा मोठा पुरावा समोर ठेवला आणि काढणाराच विसरला. वस्तीवरच्या आमच्या एका बाईनं तो दाखवला. ही गोष्ट सांगताना मी स्वतःला फार उदार समजायचे.

परवा भाचीनं तो सिनेमा शोधून दिला. खाली हिंदीत अक्षरं येत होती. मी म्हातारी झाले आहे, मोबाइल नाकाशी धरून पाहिला. नर्स आजही छान वाटते, पण आता ती मला जरा जास्त बोलते असं वाटलं. मालक सापडतो तो प्रसंग आला. पहिल्यांदा पाहताना आम्ही सगळे प्रेताकडे बघत होतो. या वेळी मी मुद्दाम बाकीच्यांकडे पाहिलं. दाराशी ती मोलकरीण पोरगी उभी आहे. ती खिडकीकडे बोट करते. खाली अक्षरं येतात, "ये खिड़की मैंने रात को बंद की थी..." आणि प्रेतावर वाकलेली नर्स, मान वर न करता, उजवा हात उभा करते. तळवा पुढे. पोरगी गप्प होते. पुढं अख्ख्या सिनेमात खिडकीचं नाव निघत नाही.

मी मागे नेऊन तीनदा पाहिलं. मग ही उणीव म्हणायची की बळ? काढणाऱ्याला ठाऊक होतं का, की पोरगी खरं बोलते आहे आणि आपण सगळे नर्सच्या बाजूनं बसलो आहोत? ठाऊक असेल तर असा सिनेमा मी दुसरा पाहिला नाही. नसेल तर तो हात तिथं आला कुठून? मला ठरवता येत नाही. पण तो हात मी ओळखत होते, कारण मला कुणीतरी तो दाखवला होता. ते मी इतकी वर्षं गोष्टीतून गाळत आले.

खुणांवर निळी रेघ मारली त्या संध्याकाळी, लोक पांगल्यावर, मी बाईला हौदापाशी गाठलं होतं. ती वाळूतून किटली उपसत होती. मी म्हटलं, "मावशी, चुकलं माझं. पण दोन खुणा होईपर्यंत तुम्ही गप्प का राहिलात? किटली उन्हात तापते एवढं सांगायचं ना मला."

तिनं किटलीच्या बुडाची ओली वाळू पदरानं पुसली. रागावली नव्हती. उलट मला हे माहीत नाही याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं.

"सांगितलं व्हतं की, ताई. पयल्याच दिशी. ऊन लई हाय, किटली आत ठिवू का म्हनलं. दुसऱ्या खुनंला बी म्हनलं."

"मग मी काय म्हणाले?"

"तुमी काय म्हनल्या न्हाई," ती म्हणाली. तिनं किटली डाव्या हातात घेतली, माझ्याकडे न बघता मान खाली घातली, आणि उजवा हात उभा करून दाखवला.